कोल्ह्याच्या कातड्याची आतली बाजू

३ नोव्हेंबर
पोचले. तळं गोठलंय. बाबांची झोपडी उभी आहे, चूल मात्र धूर आतच सोडते. हा सापळ्यांचा पट्टा, म्हणजे फरीसाठी जनावरं धरायचा जंगलाचा आमचा तुकडा, बाबांनी बेचाळीस वर्षं सांभाळला. आता गुडघे गेले. या हिवाळ्यात इथून एकही कातडं आलं नाही, तर गावची समिती पट्टा चुलतभावाला, नॉर्बर्टदादाला देणार. मी निघताना दादा म्हणाला, सेलेस्तीन, तू वीस वर्षं शाळेत खडू धरलास, कोल्ह्यांना काय पाढे शिकवणार?
संकल्प : नाताळपर्यंत वीस कोल्हे.

७ नोव्हेंबर
बारा सापळे लावले. माणसाचा वास राहू नये म्हणून हातमोजेसुद्धा उकळले. आमिषाला मासे. उद्यापासून मोजणी.

८ नोव्हेंबर
काही नाही. पहिल्या दिवशी काही नसतंच.

१५ नोव्हेंबर
मासे डोमकावळे खातात. वीसऐवजी दहा कोल्हे. दहा चांगले असले की पुरे.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळी सहा
रेडिओवर गावाशी बोलायची वेळ. जंगलातल्या सगळ्या झोपड्या एकमेकींचं बोलणं ऐकतात, म्हणून आवाज खणखणीत ठेवला. बाबांनी विचारलं, किती झाले? म्हटलं, जम बसतोय. दादा मध्येच म्हणाला, कोल्ह्यांचा ना?

२ डिसेंबर
कोल्हा! तांबडा, थोराड. पुढचा पाय सापळ्यात. बाबांची रीत मला पाठ आहे : जनावराला ताटकळत ठेवायचं नाही. काठीचा एक घाव, मग त्याचे आभार म्हणून झाडाखाली चिमूटभर तंबाखू.
काठी होती. तंबाखूही होती. कोल्हा ओरडला नाही, बसून राहिला. मी काय करते ते बघत होता.
अर्ध्या तासाने लक्षात आलं की याची फर अजून कच्ची आहे, थंडीची दाट झालेली नाही. कच्चा माल देऊन बाबांचं नाव घालवणारी मी नव्हे. त्याच्यावर कोट टाकला, सापळा दाबून उघडला. लंगडत गेला. कोट फाटला.
निर्णय पूर्णपणे धंद्याचा होता.

३ डिसेंबर
बाराही सापळे मिटवून ठेवले. फर पिकेपर्यंतच. दयामाया वगैरे काही नाही.

१० डिसेंबर
वादळाचा तिसरा दिवस. दाराबाहेर खांद्याइतका बर्फ. चुलीपासून खाटेपर्यंत सहा पावलं, खाटेपासून चुलीपर्यंतही सहाच. बाबांना शब्द दिला नसता तर आत्ता घरी असते. खरं म्हणजे शब्द त्यांनी मागितलाच नव्हता. एवढंच म्हणाले होते, पट्टा गेला की मी कुठला राहिलो?

१६ डिसेंबर, संध्याकाळी सहा
बाबांनी विचारलं, एकही नाही? सांगावंच लागलं : एक होता, पण फर कच्ची, सोडून दिला. कच्ची कशावरून? वर्गात बोलते तसं ठामपणे सांगितलं, कातडं आतून निळं होतं, कच्च्या फरीचं असतं तसं.
दादा म्हणाला, अगं बाई, आतली बाजू सोलल्यावर दिसते! सोलून परत चढवलंस की काय त्याच्या अंगावर?
सगळ्या झोपड्या हसल्या. तळ्यापलीकडच्या झोपडीतल्या युलालीकाकूंना तर ठसका लागला. तशातही म्हणाल्या, बटणं नीट लावलीस ना गं?
बाबा हसले नाहीत. त्यांचा रेडिओ बंद झाल्याचा खट्ट आवाज आला.

२२ डिसेंबर
दादा स्नोमोबील घेऊन आला. बाबांनी स्वतःच समितीला कळवलं, पट्टा नॉर्बर्टला द्या. मला म्हणे एवढाच निरोप : घरी ये, तिथे अडकून पडू नकोस. माझी हरकत असायचं कारण नाही. शाळा उघडणारच आहे.
सामान बांधताना दादाने विचारलं, त्या कोल्ह्याचा पाय मोडला होता का गं? मोडला असेल तर उंदीर धरता येत नाहीत त्याला. आठवडा-दोन आठवडे लागतात मरायला.
म्हटलं, छे, नुसता मुरगळला होता.
तो दोरी आवळत राहिला. मग त्याने पुन्हा विचारलं.
म्हटलं, हो.