कपाटातल्या अकरा शीट्स

सौ. कुमुदिनी,

रोपं दाबून वाळवायचा लाकडी प्रेस, सागवानी कपाट, काळ्या शाईची लेबलं आणि डोंगरी लव्हाळ्याची रोपं वाळवून दोऱ्यानं शिवलेल्या अकरा शीट्स, हे सगळं मी कुणाकडे न शिकता केलं. या पत्रात एवढाच अभिमान.

तब्येत ठीक आहे. नेटवर्क नाही, म्हणून लिहितोय. पूर्वाचा पेपर कसा गेला? कपाटातल्या डांबरगोळ्या बदलल्यास का?

काल अभयारण्यात पोचलो. बारा वर्षांपूर्वी ज्या दलदलीत हा लव्हाळा सापडला, तिच्यावर आता मुरूम टाकून पार्किंग केलंय. तीस पावलं लांब, अठरा रुंद, मी मोजलं. आजूबाजूला सगळीकडे शोधलं, एक काडी नाही. ऑफिसातले रावतजी म्हणाले, "भाईसाहब, काम से पहले हर्बेरियम का रेकॉर्ड देखा था. आपकी ये घास लिस्ट में है ही नहीं."

कशी असणार? तिचा पुरावा राजेंद्र नगरात, आपल्या कपाटात.

त्या हर्बेरियमनं, वाळवलेल्या वनस्पतींच्या त्या संग्रहालयानं, शीट्स मागितल्या, तेव्हा तू म्हणाली होतीस, "लेबलावर तुमचं नाव खाली आलं तर काय बिघडतं? देऊन टाका ना." मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो.

शीट्स खाली काढून ठेव. आलो की पाठवतो, कुणाचंही नाव लावोत.

आईंना नमस्कार.

तुझा,
लक्ष्मीकांत

ता. क. त्यांना शीट्स फुकट हव्यात, असं तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. वर त्यांच्या डॉक्टरांचं नाव, खाली माझं, आणि त्याबद्दल मला चाळीस हजार रुपये देणार होते. मी नाही म्हटलं.