बिशपांच्या ताटातली वांग्याची भाजी

तीर्थस्वरूप केशवदादांना धाकट्या शकुनचा नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याला आराम पडला असेल अशी आशा करते (नसेल तर तेल मी सांगितले तेच लावा, शेजारीण सांगते ते नको). मी इकडे अमरावतीला बिशप हाऊसच्या स्वयंपाकघरात खुशाल आहे.

दादा, तुम्ही दिवाळीत म्हणाला होतात, "वसईचा मानूस वऱ्हाडात टिकत नाही, शकुन." म्हणून सविस्तर लिहिते. आमचे नवे बिशप ज्युलियन लोपीस वसईचेच, समुद्राकाठचे. साऱ्या धर्मप्रांताचा भार अंगावर पडला आणि पहिल्याच दिवशी माझ्या (कमी तिखट) वरणाने त्यांना उचकी लागली. नव्या बिशपांचा म्हणे रोमला वर्ग भरतो. तिथे कारभार कसा बघायचा ते सगळे शिकवले. वऱ्हाडात पंगतीला कसे बसायचे, ते मात्र माझ्यावर सोडलेले दिसते. मोठमोठे फादर सल्ले द्यायला येत. कोणी म्हणे शाळांकडे बघा, कोणी म्हणे चर्चच्या गळक्या छपराकडे. साहेब सगळ्यांचे ऐकून घेत आणि मग स्वयंपाकघरात येऊन विचारत, "शकुनताई, हे लोक मला आपलं म्हणतील का?" मी म्हटले, "तुमी त्यायच्या पंगतीत पोटभर जेवा, बाकी ते पाहून घेतीन."

झाली शिकवणी सुरू. रोज भाजीत मिरची जराशी वाढवायची आणि सोबत आपली बोली. (साहेब "मले" झकास म्हणतात, "का" ऐवजी "काहून" म्हणताना अजून गात असल्यासारखे वाटते.)

परवा दर्यापूरकडच्या एका गावात त्यांची पहिली भेट होती, मीही सोबत गेले होते. तिथल्या ख्रिस्ती घरांतले वडीलधारे जानराव, त्यांच्या शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचे जेवण. मी शहाणपणा करून आधीच फोनवर कळवले होते की साहेबांना तिखट सोसत नाही. मग काय, सगळ्यांना मोठ्या गंजातली लालभडक वांग्याची भाजी आणि साहेबांसाठी वेगळ्या पातेलीत पिवळी, बिनमिरचीची. साऱ्या पंगतीची नजर त्या पातेलीवर. जानराव माझ्याजवळ पुटपुटले, "हा तर पाव्हनाच हाय बाई." तेवढ्यात साहेबांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "मले सगळ्यायच्यातलीच वाढा."

वाढली, आणि पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. लोकांना वाटले, साहेबांना भरून आले. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या, जानराव दुपट्ट्याने नाक पुसत म्हणाले, "आता हा आपला मानूस." मिरचीचे नाव कोणी घेतले नाही, मीही घेतले नाही. मला तेव्हा इतका अभिमान वाटला, दादा, की स्वतः जेवायचेच विसरले.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची शकुन

ता. क. येत्या रविवारी साहेब मूर्तिजापूरला येणार आहेत आणि जेवण तुमच्याकडे आहे, असे मी सांगून बसले आहे. भाजी लाल दिसू द्या, पण साहेबांच्या वाटीत वहिनींनी गुपचूप दही कालवावे.

आणखी एक ता. क. दह्याचे राहू द्या. पत्र शुद्धलेखनासाठी साहेबांनाच दाखवले. पोट धरून हसले. मग म्हणाले, "शकुनताई, ती भाजी तुमच्या रोजच्या भाजीपेक्षा सौम्य होती. मी मिरचीनं नव्हतो रडलो." तेव्हा भाजी घरच्यासारखीच होऊ द्या, आणि पंगतीत त्यांच्या शेजारी तुम्ही बसा.