तीन तारखांचं दुकान

बजाजनगर,
९ जून २०२४

ती. द्वारका आत्यास,
सविनय जय भीम, वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू डबीत जपून ठेवतेस, म्हणून हे पत्र. मला खरं तर बरंच वाटतं. फोनवर आपण दोघी नुसत्या ओरडतो आणि आपल्या घरातलं सगळं शेजाऱ्यांना कळतं.

विशाखा पुण्याला नर्सिंगच्या वसतिगृहात रमली. आईची आठवण पैसे संपले की येते. ह्यांची (म्हणजे तुझ्या लाडक्या राजेंद्ररावांची) कंपनीत या आठवड्यात दुसरी पाळी आहे. दुपारी ब्लाऊज शिवता शिवता मशीन थांबवलं, की घर इतकं शांत होतं की मी कुठल्या कुठं जाऊन येते. अशाच एका दुपारी मला खूळ लागलं. बारावी कॉमर्सनंतर माझं लग्न झालं. जमाखर्च हा माझा सगळ्यात आवडता विषय होता, हे तुझ्याशिवाय कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. आता बेचाळिसाव्या वर्षी मला संगणकावरचा हिशेब शिकायचाय. कुणाचा तरी जमाखर्च मी एकटीनं सांभाळावा, कुणाला विचारावं लागू नये, माझं म्हणून एक काम असावं, एवढंच मनात आहे.

पण शिकायचं कुठं? आमच्या चौकात महिनाभराचा क्लास आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, परीक्षेचं काही टेन्शन घेऊ नका, प्रमाणपत्र फ्रेम करून देतो. दुसरा क्लास औरंगपुऱ्यात, सहा महिन्यांचा. आधी हातानं जमाखर्च, मग टॅली, मग जीएसटी आणि पगारपत्रकं, शेवटी परीक्षा. तिथले श्रीनिवास सर हसत हसत म्हणाले की आम्ही नापाससुद्धा करतो. शिवाय कुणी सांगतं, मुक्त विद्यापीठाची पदवीच घे, तीन वर्षं तर लागतात.

त्यात ह्यांच्या ओळखीचे हिमांशू शेठ आहेत. वाळूजला त्यांचा छोटा कारखाना आहे. त्यांना दसऱ्यापर्यंत हिशेबाला बाई पाहिजे, प्रमाणपत्र दाखवा आणि खुर्ची घ्या म्हणाले. हे म्हणतात, महिन्याचा क्लास कर आणि खुर्ची पकड, एवढा विचार काय करायचा. मला मात्र त्या खुर्चीत बसून काहीच येत नाही, असं स्वप्न पडतं. तू सांग.

तुझी माया नेहमीसारखी राहू दे, पण सल्ला लवकर पाठव.

तुझी,
निशा


पाचोड,
१६ जून २०२४

चि. सौ. निशा हीस,
जय भीम व अ. उ. आ.

पत्र पोचलं. तू तीन कागद समोर मांडून त्यातला चांगला कोणता ते मला विचारतेस. कागद सगळे चांगलेच असतात, नाहीतर कुणी फ्रेम कशाला केली असती?

मी नोकरीत असताना माझी बदली नव्या गावी झाली, की शाळा सकाळी पाहायची नाही असा माझा नेम होता. सकाळी घंटा होते, पोरं येतातच. मी मधल्या सुट्टीनंतर पाहायची. खेळ सोडून, बोरं सोडून पोरं आपणहून वर्गात परत येतात का, आणि कशी येतात. त्यावरून मला त्या शाळेचं सगळं कळायचं. तू दोन्ही क्लास असे चहाच्या सुट्टीनंतर पाहून ये. तुझ्यासारख्या बाया परत येतात की पर्स उचलून घरी जातात, ते बघ. पदवीचं नंतर पाहू, ती कुठं पळून जात नाही.

राजेंद्ररावांना माझा आशीर्वाद सांग. आणि त्यांना विचारत बसू नकोस, ठरलं की सांगून टाक. माणूस भला आहे, आठ दिवस फुगेल आणि नवव्या दिवशी स्वतःच बसस्टॉपवर सोडायला येईल.

इथं ऊन अजून उतरलं नाही. दुपारची मी लिंबाखाली खुर्ची टाकून बसते आणि तुझ्यासारखीच कुठंतरी जाऊन येते. आपल्या घराण्याचीच खोड दिसते.

आहे तो लोभ वाढता ठेवणारी,
तुझी आत्या


बजाजनगर,
४ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सविनय जय भीम, वि. वि.

तुझी मधली सुट्टी कामाला आली. चौकातल्या क्लासमध्ये चहानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि बाईंना त्याचं काही वाटत नव्हतं. औरंगपुऱ्यात चहा अर्धा टाकून बाया आत पळाल्या, कारण फळ्यावर एक नोंद अर्धवट राहिली होती आणि ती नावे की जमा यावरून भांडण पेटलं होतं. मीसुद्धा त्या भांडणात पडले. फी भरली नव्हती तरी पडले! मग भरली.

हे फुगले. तू आठ दिवस म्हणाली होतीस, चांगले पंधरा दिवस फुगले. खुर्ची हातची जाईल म्हणतात. मी म्हटलं, सरांना विचारलंय, दसऱ्याला माझं शिक्षण चालू आहे असं पत्र ते देतील, शेठ थोडं थांबतील. थांबतील ना गं?

आता गंमत ऐक. टॅलीत शिकताना प्रत्येकाला एक खोटी कंपनी काढावी लागते. बाकीच्यांनी पटापट काहीबाही नावं टाकली. माझ्या बोटांनी काय लिहिलं असेल? ‘द्वारका वस्त्रभांडार, पाचोड’. मालकीण तू. तुला विचारलंही नाही म्हणून रागावू नकोस.

आणि त्या शिकाऊ टॅलीचा एक नियमच आहे. तिच्यात महिन्याची पहिली, दुसरी आणि एकतीस एवढ्याच तारखा चालतात. दुसरी कुठली तारीख टाकली तर घेतच नाही. म्हणजे तुझं दुकान महिन्यातून तीनच दिवस उघडतं, आणि ज्या महिन्याला एकतीस नाही त्या महिन्यात दोनच. सगळे वैतागतात. मला मात्र ते फार आवडलं. मधल्या दिवसांत दुकान बंद असतं तेव्हा मी घरी मशीनवर बसून त्यात फिरते. फिकट निळं दार आहे. समोर लिंबाची सावली. फळीवर ब्लाऊजपीस रंगानुसार लावलेत, खाली शाळेच्या गणवेशाचं कापड, एका कोपऱ्यात पांढऱ्या साड्या. तू गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला दरडावतेस की हा रंग तुला शोभत नाही. एकतारखेला दार उघडतं तेव्हा कोऱ्या कापडाचा वास येतो. खरंच येतो, आत्या. क्लासमधली शेजारची बाई मला विचारते की तुम्ही हसताय का.

तुझ्या दुकानाची बरकत तुझ्याच हाती आहे, तेव्हा तब्येत सांभाळ आणि मला विसरू नकोस.

तुझी,
निशा


पाचोड,
३ सप्टेंबर २०२४

चि. सौ. निशा हीस,
जय भीम व अ. उ. आ.

तू माझी गावात चांगलीच फजिती केलीस.

तुझं पत्र मी ओट्यावर वाचत होते. समोरच्या लक्ष्मीबाईनं विचारलं, पोरीनं काय लिहिलंय. मी सांगितलं की निशानं माझ्या नावानं कापडाचं दुकान काढलंय, एकतीस तारखेला उघडतं. पुढचं, म्हणजे ते संगणकात आहे वगैरे, मी सांगितलं की नाही ते आठवत नाही. माझा आवाज तुला माहीत आहे. मला ऐकू येत नाही म्हणून मी सगळ्या आळीला ऐकवते.

शनिवारी एकतीस तारीख. सकाळी लक्ष्मीबाई आणि तिच्या दोन जावा पिशव्या घेऊन दारात हजर. दुकान कुठंय म्हणे. मी सांगितलं की बाई, ते खरं दुकान नाय, शिकायचं आहे. तर लक्ष्मीबाई माझ्यावरच चिडली. बाजाराच्या पलीकडच्या पत्र्याच्या गाळ्यासमोर ती अर्धा तास उभी राहून आली होती, कारण तिथं लिंब आहे! लिंबाचंही मी ओरडून सांगितलं होतं वाटतं. वर म्हणते कशी, ब्लाऊजपीससाठी दर वेळी शहरात जावं लागतं, गुरुजीबाईनं दुकान काढलं तर लई बरं होईल असं वाटलं होतं. तिचा चेहरा असा उतरला की मी तिला चहा पाजला.

संध्याकाळी पाय मोकळे करायला गेले ते त्या गाळ्याकडे. दार गंजलंय, पण सावली तू लिहिलीस तशीच पडते. मी बराच वेळ उभी होते. आत तुझा ब्लाऊजपीसचा ढीग दिसेल असं उगीच वाटत होतं.

अभ्यास कर. मधल्या सुट्टीनंतर वेळेवर आत जात जा.

दुकानाची मालकीण आणि
तुझी आत्या


बजाजनगर,
२० ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सविनय जय भीम.

खुर्ची गेली. हिमांशू शेठनी दसऱ्यानंतर दुसरी बाई ठेवली. चौकातल्या क्लासचंच प्रमाणपत्र तिच्याकडे होतं. सरांचं पत्र घेऊन मी गेले तर शेठ गोडच बोलले, पण काम थांबत नाही म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. तिचंही काही चुकलं नाही.

ह्यांना सांगितलं. ताट वाढलं, जेवले, उठले. मला वाटलं होतं भांडतील, मग मीही भांडेन.

आत्या, मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. उगीच मोठं शिकायला गेले का मी? आज क्लासला जाऊ नये असं वाटत होतं. गेले. आज एकतीस नाही, एक नाही, दोन नाही, म्हणून आपलं दुकान बंदच होतं. दाराशी उभी राहून आले.

तुझी,
निशा


पाचोड,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. निशा हीस, अ. उ. आ.

कार्डावर जागा कमी. एवढंच सांग. नवं दुकान निघालं तर जमाखर्चात पहिली नोंद कशाची करतात? एका ब्लाऊजला कापड किती धरायचं? आणि ठोक कापड शहागंजात चांगलं की गुलमंडीत? लक्ष्मीबाई विचारते. तिला माझ्याकडून सगळं कळतं असं वाटतं, तेव्हा माझी लाज राख.

आत्या


बजाजनगर,
८ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम, वि. वि.

तुझ्या कार्डाचं उत्तर मी लगेच पाठवलं होतं. पहिली नोंद भांडवलाची, मालकानं घरून काय आणलं ती. ब्लाऊजला एक मीटर धर, अंगानं भरलेल्या बाईला थोडं जास्त. कापड शहागंजात बघ. त्यानंतर तुझं एकही पत्र नाही. माझं काही चुकलं का?

मी पास झाले. जीएसटीच्या पेपरला घाम फुटला होता, पण पास झाले. हे गुपचूप पेढे घेऊन आले आणि क्लासच्या दाराशी उभे राहिले, आत यायला लाजत होते. श्रीनिवास सरांनी हाताला धरून आत आणलं.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. शेवटच्या दिवशी सरांनी सगळ्या संगणकांवरच्या शिकाऊ कंपन्या पुसल्या. नवी बॅच येते, तिला पाटी कोरी लागते. तुझं दुकानही गेलं, आत्या. निळं दार, साड्या, गल्ला, सगळं. सरांना कसं सांगणार की एक दिवस थांबा? सगळ्यांसमोर डोळ्यांत पाणी आलं आणि मी चष्मा पुसत बसले.

आता प्रमाणपत्र कपाटात आहे. दोन ठिकाणी विचारलं, वय ऐकून कळवतो म्हणाले. दुपारी मशीनवर बसते, पण जायला दुकान नाही. महिन्याच्या क्लासनं निदान खुर्ची मिळाली असती असं मनात येतं, आणि मग माझंच मला पटत नाही.

रागावली असशील तर रागावूनच लिही, पण लिही.

तुझी,
निशा


पाचोड,
१७ जानेवारी २०२५

चि. सौ. निशा हीस,
जय भीम व अ. उ. आ.

रागवायचं तर तूच माझ्यावर रागाव. मी दोनदा शहागंजात येऊन तुला न भेटता परत गेले. लक्ष्मीबाई बरोबर होती. तुझ्याकडे आले असते तर माझ्या पोटात काही राहिलं नसतं.

आपल्या दुकानाचं दार निळं रंगवलंय. तू लिहिलंस तसं फिकट जमलं नाही, रंगाऱ्यानं जरा गडद केलं. गाळा तोच, लिंबाजवळचा. ब्लाऊजपीस रंगानुसार लावायला गेले तर लक्ष्मीबाईशी भांडण झालं, तिला जांभळा आणि वांगी एकच वाटतो. शाळेच्या गणवेशाचं कापड खाली आहे. पांढऱ्या साड्या कोपऱ्यात आहेत. कोऱ्या कापडाचा वास येतो, तू खोटं लिहिलं नव्हतंस.

पहिली नोंद भांडवलाची म्हणालीस. माझ्या पेन्शनीतून मी काय घातलं ते येशील तेव्हा सांगते, पोस्टमनला कशाला कळवायचं. पण आता हे सगळं लिहिणार कोण? मी पोरांना पाढे शिकवले, ठोक बिलं बघून माझे डोळे फिरतात. बाजारातला मोतीराम खत-बियाण्यांचं दुकान चालवतो. त्याच्याकडे संगणक आहे, विकत घेतलेली टॅली आहे, आणि तिला हात लावणारं कुणी नाही. दर महिन्याला कागदांची पिशवी घेऊन तो शहरात पळतो. मी त्याला सांगितलं की माझ्या निशाला जीएसटी येतं, परीक्षा देऊन येतं. आठवड्यातले दोन दिवस त्याचं काम कर, तिथंच आपल्या दुकानाचं कर. पगाराचं त्याच्याशी तू बोल, मी मध्ये पडले तर ओरडून भाव पाडीन. आणखी दोन दुकानदार त्याच्या मागं विचारत उभे आहेत. महिन्याच्या क्लासवर मी त्यांना एवढ्या ठणठणीत आवाजात शब्द दिला नसता.

राजेंद्ररावांना सांग की सकाळी बसस्टॉपवर सोडायचं काम त्यांचंच.

दुकान एकतारखेलाच तयार होतं. लक्ष्मीबाई म्हणाली, उघडा की. मी नाही उघडलं. तुझ्या शिकाऊ टॅलीत एक चालत होती, दोन चालत होती, एकतीस चालत होती. सतरा चालत नव्हती. शिकाऊ दुकानाच्या तारखेला खरं दुकान उघडायचं नव्हतं, म्हणून थांबले, आणि आज सकाळी उघडलं. पहिलं ब्लाऊजपीस लक्ष्मीबाईनं नेलं, वांगी रंगाचं, म्हणजे तिच्या मते जांभळं. बिल जपून ठेवलंय. मोतीरामच्या टॅलीत सगळ्या तारखा चालतात, मी दोनदा विचारून घेतलं.

लोभ आहेच, तो इथं येऊन मोजून घे. या पत्राला उत्तर लिहू नकोस, ये. सतरा तारखेची नोंद व्हायची आहे.

तुझी,
आत्या