दहा नंबरचा पाना

प्रिय श्रीधर,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. रडगाणं लिहिण्यात मला रस नव्हता, तुला वाचण्यात तर कधीच नव्हता. आज लिहितेय, कारण संदीपचा फोन आला होता. तुझ्या लाडक्या टीमला गाडीच्या बॉनेटवर तुझं नाव रंगवायचंय!

"वहिनी, श्रीधरदादाचं नाव आलं ना, की स्पॉन्सरही इमोशनल होतील," म्हणाला. लाज नावाची वस्तू या माणसाने कधी विकत तरी घेतली होती का रे?

आठवतं, पहिल्या वर्षी कसे हरत होतात? तोयोसुच्या ऑफिसातले पाच इंजिनिअर. आठवडाभर खुर्चीत बसून माना अवघडलेल्या, आणि रविवारी जुनी सेडान ठोकून-ठाकून केलेली शर्यतीची स्टॉक कार घेऊन ट्रॅकवर. दरवेळी शेवटचे! ज्यांच्या गॅरेजात गाडी उभी करायचात, ते म्हातारे जपानी इशिदा-सान तुमच्याकडे बघून नुसता उसासा टाकायचे.

मग एक दिवस त्यांनीच तो लाकडी फळा आणून भिंतीला ठोकला. प्रत्येक हत्याराची काळ्या रंगाने काढलेली आकृती. हत्यार वापरलं की आपल्या आकृतीवर परत. एकही जागा रिकामी असेल, तर इंजिन सुरू करायचं नाही. तुला तो नियम इतका आवडला की घरात मीठ-मसाल्याच्या डब्यांखालीही तू गोल काढलेस. किती भांडले होते मी!

पण टीम जिंकायला लागली. आणि जिंकताच या चौघांना वाटायला लागलं की आपण जन्मजात शूर आहोत. दहा नंबरचा पाना जागेवर नाही म्हणून तू त्या एका शर्यतीला गाडी सोडली नाहीस, तेव्हा तुला काय काय बोलले! पाना कुठे सापडला? संदीपच्याच खिशात. माफी मागितली का? उलट म्हणाला, "एवढं काय त्यात!"

तू गेलास आणि पंधरा दिवसांत तो कॅप्टन झाला. भिंतीवर स्पॉन्सरचं बॅनर हवं होतं, म्हणून फळा उतरवला. "आता सगळं ॲपवर, वहिनी." आणि मी मान हलवली. हो, श्रीधर, मीच. गाडी माझ्या नावावर होती, मी नाही म्हणू शकले असते. तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं मला. पण हे कारण तू चालवून घेतलं नसतंस, आणि मीही घेत नाही.

गेल्या रविवारी चौघे दहा नंबरचा पाना इंजिनवरच विसरले. ॲपवर मात्र हिरवी खूण! दुसऱ्याच फेरीत तो पंख्यात गेला, रेडिएटर फुटला, पुन्हा शेवटचे. शर्यतीनंतर सगळ्यांनी बसून आपापली चूक सांगायची, ही इशिदा-सानची रीत. चौघेही एका सुरात म्हणाले, "नशीब." म्हातारे उठून बाहेर गेले.

मीही त्यांच्यामागे गेले, तर मागच्या अंगणात तुझा फळा, त्यावर मोठ्या कचऱ्याचा स्टिकर! बुधवारी कचऱ्याची गाडी येऊन घेऊन जाणार होती. तो मी आणि आर्याने ट्रेनने उरायासुला घरी आणला. तुझी लेक सगळा रस्ता जपानीत "हाझुकाशीई", लाज वाटते, म्हणत तोंड लपवत होती, पण फळ्याची तिची बाजू तिने सोडली नाही. स्टिकर घरी आल्यावर तिनेच नखाने खरवडून काढला.

एक राग तुझ्यावरही आहे. सगळ्या जगाच्या रिकाम्या जागा तुला दिसायच्या. जायच्या आधी महिनाभर छातीत दुखत होतं, ते मला का नाही सांगितलंस? ते काय ॲपवर टाकलं होतंस?

संदीपला मी सांगितलंय, बॉनेटवर नाव येणार नाही. हरलेल्या गाडीवर चाललं असतं. बेफिकीर गाडीवर नाही.

नवा पाना आणलाय. शनिवारी फळा परत भिंतीवर जाईल, बॅनरच्या बरोब्बर वर. गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, आणि यापुढे फळ्यासमोर मी उभी राहणार. एक जागा रिकामी दिसली तर गाडी निघणार नाही, टीम मोडली तरी. यावेळी मी मान हलवणार नाही, हा माझा शब्द.

डब्यांखालचे गोल अजून पुसलेले नाहीत.

तुझी,
ज्योत्स्ना