पडलेल्या मास्तरांची मलमपट्टी

तीर्थस्वरूप दादास,

वाकून नमस्कार (वहिनी वाचत असेल तर तिलाही). आईबाबा बरे आहेत, म्हणजे भांडण्याइतके बरे आहेत. तुझी कंबर काय म्हणते?

परवा बाबांचे जुने ब्रश धुताना आपलं राजकारणाचं शिक्षण आठवलं. बाबा भिंती रंगवणारे. सकाळी एका पक्षाचा विजय असो लिहायचे, दुपारी समोरच्या भिंतीवर दुसऱ्याचा, आणि अक्षर दोन्हीकडे तितकंच वळणदार. आई दवाखान्यात नर्स. तिचा पक्ष एकच, बाबांच्या विरोधातला (बाबांनी पक्ष बदलला की तीही इमानाने बदलायची). जेवताना वाद पेटला की ती सभात्याग करायची, आणि वाढायलाच कुणी नाही म्हटल्यावर बाबांचं सरकार कोसळायचं.

त्या वर्षी गणिताचे मास्तर निवडणुकीला उभे होते. घरात रोज तेच, मास्तर उभे आहेत, मास्तर उभे आहेत. मला त्यांच्या पायांची काळजी लागून राहिली. मग एके दिवशी तू (हो, तूच) धापा टाकत येऊन सांगितलंस, मास्तर पडले. इतके दिवस उभा असलेला माणूस पडणारच, मला काही नवल वाटलं नाही. आईच्या पिशवीतलं मलम आणि पट्टी घेऊन मी थेट त्यांच्या घरी. कालपर्यंत तिथे बसायला जागा नव्हती. आज रिकाम्या खुर्च्यांत मास्तर एकटेच. कुठे लागलं, मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मलमाकडे बघितलं, आणि निमूटपणे पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवली. दुसऱ्या दिवशी वर्गावर आले ते माझी पट्टी बांधून, लंगडत.

तू हसून लोळलास. आई रागावेल असं वाटलं, कारण तिचं मत दुसऱ्याला होतं. ती एवढंच म्हणाली, "निवडून आला त्याच्याकडे सगळं गाव गेलंय. पडले त्यांच्याकडे आपल्या घरचं कुणी गेलं, बरं झालं." बाबांनी चक्क मान डोलावली. आपल्या घरात एकमताने मंजूर झालेला तो एकमेव ठराव. राजकारण म्हटलं की मला अजून तो गुडघा आठवतो, आणि बरं वाटतं.

तुझी,
धाकटी

ता. क. : ब्रश बाहेर निघाले, कारण बाबा भिंतीवर माझं नाव लिहिणार आहेत. नगरपालिकेला मी उभी आहे. निकालाच्या दिवशी ये. फार भीती वाटतेय रे.

आणखी एक ता. क. : मत मला देशील ना, असं आईला विचारलं. मतदान गुप्त असतं, म्हणाली. (बाबा माझ्या बाजूने आहेत, म्हणजे कठीणच.) आज मात्र तिच्या पिशवीत नवं मलम आणि पट्टी दिसली. माझ्यासाठी आणलंस का, विचारलं. म्हणाली, "तुला कशाला? तुझ्यासमोर उभा आहे ना, त्याच्याकडे जावं लागेल."