कासमला परत मैदानात धाडलं

ता. १५ नोव्हें. १९३१, रेवदंडा
आज वाळूवर गड्यांना दमेपर्यंत पळवलं. समोरच्याला खांदा कसा मारायचा ते शिकवलं. मी अमेरिकेत खेळलो तो फुटबॉल निराळा. चेंडू छातीशी धरून माणसांच्या भिंतीत घुसायचं. जहाजावरची खलाशाची नोकरी सोडून पोलादाच्या कारखान्यात लागलो, तिथल्या टीमनं खेळायचा पगार दिला. इथं लाथेचा खेळ. पण पडलास तर उठ, हे दोन्हीकडं सारखंच.
कासम सगळ्यांत तयार. बायकोचा, सकीनाचा, धाकटा भाऊ म्हणून नाही, खरंच. पुढच्या रविवारी अलिबागशी मॅच. मुंबईच्या एका गिरणीचा माणूस बघायला येणार. त्यांना पगारी खेळाडू हवेत. शिकवणाराही हवाय म्हणे.

ता. २२
जिंकलो. गोल कासमचा. गावानं मला खांद्यावर घेतलं.
गोलच्या आधी कासमचं डोकं त्यांच्या एकाच्या डोक्यावर आपटलं. उठला, पण पाय भलतीकडं. जवळ गेलो तर हळूच म्हणाला, "दुलाभाई, आपला गोल कंचा?"
दुसऱ्या कुणी ऐकलं नाही. अमेरिकेत असे पाहिलेत. अशाला बाहेर बसवायचं असतं, मला ठाऊक होतं. गिरणीवाला समोरच खुर्चीत. कासमच्या तोंडावर पाणी मारलं, गोल दाखवला, पाठीवर थाप दिली आणि…

ता. २४
कासम मासेमारीला मचव्यावर गेला नाही. उलट्या. उजेड सोसत नाही. सासू म्हणते, ऊन बाधलं. मीही हो म्हणून मान हलवली. मान हलवली मी.

ता. २९
गिरणीचा निरोप आला. नव्या वर्षात दोघांनी यावं. कासमनं खेळायला, मी शिकवायला. सकीनानं गोड भात केला. कासमला जेवायला बोलावलं. बरा दिसला. मग विचारलं, "मुंबईला कधी जायचं?" सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. पुन्हा तेच. सकीना हसली, खुशीनं येडा झालाय म्हणाली.

ता. ३ डिसें.
कासम खेळायला आला. चेंडू सरळ येतोय, हा बाजूला लाथ मारतोय. घरी जा म्हटलं तर भडकला. "माझी जागा दुसऱ्याला देताव?"
घरी येऊन सकीनाला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.
"त्याच्यासाठी धाडलात का तुमच्यासाठी?"
दोघांसाठी, असं म्हणणार होतो. तव्यावरची करपली तरी तिनं उलटली नाही. शेवटी म्हणाली, "अम्माला तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं न्हाय व्हनार."

ता. ६
सासूकडं गेलो. अंगणात बोंबील वाळत घालत होती. सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. बोंबील टांगतच राहिली.
"तिकडं अशी मानसं बरी झाली?"
"काही झाली."
"आन् बाकीची?"
मी टोपलीतला एक बोंबील उचलून तिच्या हातात दिला.
"मंग मुंबईला न्हाय जायाचा त्यो?"
"नको जाऊ दे."
"आन् तू?"
हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. अजून ठरवलं नाही हेच खरं.
तिनं हात पदराला पुसले. "त्याला तू सांग. तुजंच ऐकतो त्यो."
आत कासम आरशासमोर दाढी कोरत होता. मला बघून स्टूल पुढं सरकवलं.
"बसा ना, दुलाभाई."
बसलो.