लुएलाच्या खुर्चीत बसलेली मुलं

मी, व्हर्लीन हचिन्स, वय एकाहत्तर, राहणार डेटन, ओहायो, चौतीस वर्षे फौजदारी वकिली केलेली अविवाहित बाई, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना हे लिहून ठेवते. याआधीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्या दोन्हींतून धाकट्या बहिणीचे नाव मी मुद्दाम गाळले होते.

एक. आम्ही दोघी बहिणी राहतो त्या घरातला माझा अर्धा हिस्सा माझी बहीण लुएला हिला द्यावा. पुढच्या खोलीत ती बायकांचे केस करते; मागच्या खोलीत माझे जेवणाचे टेबल आहे. त्या टेबलापाशी एकोणीस वर्षे, दर शनिवारी, लॉ स्कूलला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी तयार केले. परीक्षा, शिफारसपत्रे, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे स्वतःविषयीचे निवेदन. शिकवायचे मी. वाट बघणारी मुले बसायची लुएलाच्या खुर्चीत.

दोन. टेबल आणि कायद्याची पुस्तके आमच्या वस्तीतल्या वाचनालयाला. आईची अंगठी माझी नाही, त्यामुळे ती मला कोणाला देता येत नाही. आईने ती लुएलाला दिली. मला म्हणाली, "तुला शिक्षण दिलं ना!" नोंद असावी म्हणून लिहिले.

तीन. विद्यार्थ्यांच्या नाताळच्या कार्डांचे खोके लुएलाला. गेल्या नाताळात एकेचाळीस आली. अडतीस पाकिटांवर 'मिस लुएला आणि मिस व्हर्लीन' असा क्रम आहे. मी मोजले. तिने मोजले नसणार.

चार. या कलमात देण्यासारखे काही नाही, पण ते गाळू नये.

बारा वर्षांपूर्वी रेनिटा गेन्स माझ्याकडे आली. सव्वीस वर्षांची, पोस्टात टपाल वेगळे करायची. तीन महिने मी तिला एकच विचारत होते, "वकीलच का व्हायचंय?" ती म्हणे, "लोकांची सेवा करायचीय, मिस व्हर्लीन." असली वाक्ये वाचून प्रवेश समितीचे डोळे मिटतात.

एका शनिवारी माझा फोन लांबला, तेव्हा ती पुढच्या खोलीत लुएलाकडे केस धुवायला बसली. लुएलाने एवढेच विचारले, "मान का गं अशी ताठ धरतेस? लहानपणापासूनची सवय का?" आणि त्या मुलीने सगळे सांगून टाकले. ती अकरा वर्षांची असताना त्यांच्या इमारतीत घरे रिकामी करण्याच्या नोटिसा लागल्या. मोठ्यांना त्या भाषेचा अर्थ लागेना. तिने दारोदार जाऊन सहा घरांना त्या समजावून सांगितल्या. स्वतःच्या आईला सगळ्यांत शेवटी.

"व्हर्ली, ऐकलंस का?" लुएला ओरडली. "अगं, हेच लिही म्हणावं तिला!"

हाताला साबणाचा फेस, आणि मला माझ्या धंद्यातली अक्कल शिकवते!

पुढच्या शनिवारी रेनिटाने ते लिहून आणले. माझ्या टेबलावर आलेल्या सगळ्या निवेदनांत ते उजवे होते. मी म्हणाले, "हे रडगाणं आहे. समितीला दया नको असते, बुद्धी दाखव."

"तुम्ही म्हणाल तसं, मिस व्हर्लीन."

मी तिला वादविवाद स्पर्धेवर लिहायला लावले. नऊ ठिकाणांहून नकार आले. पुढच्या वर्षी लुएलाने माझ्या नकळत तिला पहिलेच निवेदन पाठवायला लावले, आणि चार ठिकाणी प्रवेश मिळाला. पण मधल्या ऑक्टोबरात तिची आई वारली होती.

प्रवेशाचा केक कापताना रेनिटा मला मिठी मारून म्हणाली, "हे सगळं तुमच्यामुळे." लुएला ताटल्या मांडत होती. तिने मान वर केली नाही. मीही 'नाही गं' म्हटले नाही.

पाच. माझ्या अंत्यविधीला चर्चमध्ये लुएलाने गाऊ नये. ती गायला लागली की शवपेटीत कोण आहे हेच लोक विसरतील. फारच आग्रह झाला तर एक कडवे.

सहा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रेनिटाने करावी अशी माझी इच्छा होती. ती आता याच शहरात भाडेकरूंचे खटले लढवते. गेल्या मंगळवारी तिला बोलावून मी चौथे कलम वाचायला दिले. तिने ते दोनदा वाचले.

"आई शेवटपर्यंत विचारत होती," ती म्हणाली, "पत्र आलं का गं, म्हणून."

"रेनिटा, मी..."

"हे काम माझ्याच्यानं होणार नाही, मिस व्हर्लीन. दुसरं कुणी बघा."

तिने कोट उचलला, पण ती घराबाहेर गेली नाही. पुढच्या खोलीत गेली. भिंतीपलीकडून तिचे रडणे ऐकू आले, आणि लुएलाचा आवाज, "बस, बाळा. आधी बस."

मी टेबलापाशीच राहिले. मला पश्चात्ताप व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण त्याच्या आधी मनात आले ते हे, की रडायलासुद्धा ती लुएलाकडेच गेली.

सबब व्यवस्थापक म्हणून लुएला हचिन्स हिची नेमणूक करते. तिला हे सगळे वाचावे लागेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

(सही) व्हर्लीन हचिन्स

साक्षीदार :
१. लॉरेन्स टिबेट, शेजारी
२. मे फ्रान्सिस कोल, निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका

डेटन, ओहायो
९ मार्च २०२४